मिस्त्रींचा कान

सुताराच्या घरात भुश्यावर कोणी संशय घेत नाही. वाण्याच्या घरी पीठ सांडलं किंवा शिंप्याच्या घरी दोरे सापडले, म्हणून कोणी पोलिसांत जातं का? मिस्त्रींच्या घरात भुसा चहाच्या कपात, उशीच्या खोळीत आणि एकदा तर पाहुण्यांच्या कानात सापडला होता. सून लग्न होऊन आली त्या पहिल्याच सकाळी तिने झाडू घेतला, आणि अकरा वर्षं झाली तरी तो हातातून सुटला नव्हता.

म्हणून जिन्याच्या खालच्या पायरीशी रोज सकाळी मूठभर भुसा दिसायचा, तेव्हा तिने कपाळाला आठ्या घालण्यापलीकडे काही केलं नाही. "बाबा, पाय झटकून येत जा हो," एवढंच म्हणायची. मिस्त्री हसून मान डोलवायचे. त्यांची मान अलीकडे प्रत्येक गोष्टीला डोलायची, त्याचं कारण पुढे येईलच.

एका सकाळी ती भुसा सुपलीत भरत असताना तिचा हात थबकला. मिस्त्रींच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. तळमजल्यावरच्या मागच्या खोलीतलं त्यांचं दुकान तीन महिने बंद होतं, करवतीच्या मशीनवर चादर होती, आणि चादरीवर धूळ. मग हा भुसा पाडत होतं कोण?

सून एका मोठ्या गोदामात मालाची नोंद ठेवायची. कुठल्या कप्प्यात किती खोकी आली, किती गेली, हे बघण्यात तिचा दिवस जायचा. आलं नाही आणि तरी आहे, असा माल तिच्या नोकरीत बसत नव्हता. तिने सुपली खिडकीशी नेली. करवतीचा भुसा रव्यासारखा असतो, एकसारखा. हा तसा नव्हता. यात बारीक बारीक कुटके होते, काडीपेक्षा बारीक, आणि त्यांच्यात काळे ठिपके. तिने ठिपका नखावर घेतला. ते डोकं होतं. मुंगळ्याचं. शेजारी दोन पाय, अर्धं पोट.

वर पाहिलं तर डोक्यावर तुळई होती.

ही तुळई म्हणजे घराची शान. वरच्या मजल्यावरचा अख्खा दिवाणखाना त्या एका तुळईवर उभा होता, आणि त्या दिवाणखान्याची लाकडी जमीन मिस्त्रींनी तरुणपणी एकही खिळा न ठोकता बसवली होती. फळीत फळी, खाचेत खाच. लोक पाहायला यायचे. मिस्त्री बूट काढायला लावून दाखवायचे.

घरात मुंगळे होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोठे, काळे, संध्याकाळ कलली की निघायचे. मिस्त्रींची थोरली बहीण, जिला सगळं घर आत्या म्हणायचं, तिचं निदान एकच: "गूळ तिथे मुंगळे. कोणीतरी झाकण लावत नाही." हे बोलताना ती सुनेकडे बघत नसे, सुनेच्या शेजारच्या भिंतीकडे बघत असे. सुनेने साखरेचे, गुळाचे, बिस्किटांचे डबे दुहेरी झाकणांत ठेवले. मुंगळे कमी झाले नाहीत. मग एका संध्याकाळी ती खुर्ची टाकून बसली आणि नुसती बघत राहिली. मुंगळे साखरेच्या फडताळाकडे फिरकलेही नाहीत. ते तुळईच्या टोकाशी, वरच्या न्हाणीघराच्या भिंतीत जिथे तुळई शिरत होती, तिथल्या एका फटीतून एकामागून एक बाहेर पडत होते. जणू पाळी बदलली होती आणि कारखाना सुटला होता. अर्ध्या तासात तिने एकशे चाळीस मोजले.

गोदामात दर महिन्याला औषध मारणारा माणूस यायचा. सडपातळ, कमी बोलणारा. तिने कागदाची पुडी त्याच्यापुढे उघडली.

"वाळवी आहे का?"

त्याने बोटाने भुसा पसरला. "वाळवी असती तर माती दिसली असती. वाळवी लाकूड खाते. हे खात नाहीत."

"मग?"

"खोदतात. राहायला. खोल्या काढतात आणि कचरा बाहेर टाकतात, ही बघा तुमची मूठभर. ओल असेल तिथे आधी शिरतात. वरती न्हाणीघर आहे का?"

तिने होकाराची मान हलवली.

"पाइप गळत असणार. ओल बंद करा, लाकूड उघडा. तोवर वरून काही फवारू नका. फवारलं की पांगतात, आणि एकाच्या जागी तीन घरं करतात." त्याने पुडी परत दिली. "किती दिवस झाले भुसा पडतोय?"

अकरा वर्षं झाडते आहे, असं तिच्या ओठांवर आलं होतं. "माहीत नाही," ती म्हणाली, आणि हे उत्तर तिला फार आवडलं नाही.

घरी येऊन तिने सांगितलं. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे तिच्या ओठांकडे नीट पाहिलं. मग उठले, तुळईखाली स्टूल ठेवलं, आणि बोटाच्या सांध्याने लाकडावर तीनदा ठोकलं. ठोकताना डोळे मिटले. हा ठोका गावभर प्रसिद्ध होता. मिस्त्री लाकूड विकत घेताना कापून बघत नसत. ठोकायचे, आणि म्हणायचे, "हे आतून फाटलंय," की कापल्यावर ते फाटलेलंच निघायचं. वखारवाले त्यांना टरकून असायचे.

"ठणठणीत," मिस्त्री म्हणाले.

"बाबा, तो माणूस म्हणतो की..."

"सुताराच्या घरात मुंगळे सुतारकी करणार? आणि मला पत्ता नाही?" ते हसले. आत्याही हसली. "कानामागून आली आणि तिखट झाली," ती भिंतीला म्हणाली.

आता कानाचीच गोष्ट निघाली आहे तर सांगून टाकू. मिस्त्रींना ऐकू येत नव्हतं. अगदीच येत नव्हतं असं नाही. दार आपटलं तर ते वळून बघायचे. पण चाळीस वर्षं करवतीच्या मशीनशेजारी उभं राहून बारीक आवाज त्यांच्या जगातून एकेक करून निघून गेले होते. दाराची घंटी, पाखरं, भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज. हे मिस्त्रींना ठाऊक नव्हतं किंवा ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. बाकी घराला पक्कं ठाऊक होतं, आणि घराने त्यावर अशी सफाईने मलमपट्टी केली होती की विचारू नका. टीव्हीचा आवाज आधीच मोठा ठेवायचा. बोलताना समोर यायचं. फोन त्यांच्याआधी उचलायचा आणि "बाबा, तुमच्यासाठी" म्हणत निरोपही सांगून टाकायचा. ज्याच्या कानावर घर चाललं त्याला बहिरा कोण म्हणणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

सुनेचा नवरा दवाखान्यात एक्स-रे काढायचा. दिवसभर लोकांची हाडं आरपार बघणारा माणूस, पण घरातल्या गोष्टींत त्याची नजर कातडीच्या आत जात नसे.

"अहो, ते ठोकून सांगतात ते त्यांना ऐकू येतं का?" तिने विचारलं.

"हळू बोल."

"हळू कशाला? ऐकू येत नाही तर."

"रविवार होऊ दे ना," तो म्हणाला. "रविवारनंतर मीच बोलतो."

रविवारी मिस्त्रींचा सत्कार होता. कामाला पन्नास वर्षं झाली, म्हणून त्यांचे जुने सोबती, सगळे सुतार, घरी येणार होते. चौदा जण. हॉल घेऊ असं सोबती म्हणाले होते. मिस्त्रींनी साफ नकार दिला. "माझ्या जमिनीवर बसायचं," ते म्हणाले. "मानपत्र घ्यायचं तर तिच्यावर बसूनच."

शुक्रवारी सून कामावरून आली तेव्हा घरात घासलेटचा वास भरला होता आणि आत्या पदर खोचून विजयी मुद्रेने उभी होती. फटीत अर्धी बाटली ओतली होती. "एक दिसत नाही बघ आता. म्हणे खोल्या काढतात!" खरंच एकही दिसत नव्हता. शनिवारी सकाळी भुसा तीन ठिकाणी पडलेला होता. एक जिन्याशी, एक खोलीच्या मध्यावर, आणि तिसरा थेट स्वयंपाकघराच्या दारात.

औषधवाल्याला तिने शनिवारी दुपारी बोलावलं. मिस्त्रींनी त्याला दारातूनच परत पाठवलं. गडी वाद घालणारा नव्हता. जाताना तिला एवढंच म्हणाला, "वर वजन ठेवू नका."

त्या संध्याकाळी सुनेने मिस्त्रींच्याच पेटीतलं सूत काढलं. सुतारांची ती पांढरी दोरी, जिच्यावरून सरळ काय ते ठरतं. तुळईच्या दोन्ही टोकांना भिंतीत खिळे ठोकले, दोन्हीकडे तुळईपासून बरोबर इंचभर खाली, आणि दोरी तारेसारखी ताणली. सुतारी हिशोबात इंचाचे आठ सूत. तुळई सरळ असती तर दोरी आणि तिच्यामधलं अंतर सगळीकडे आठ सूत भरलं असतं. न्हाणीघराकडच्या अंगाला तिने पट्टी लावली. पाच भरले.

"हे काय?" मिस्त्रींनी विचारलं.

"सजावट," ती म्हणाली. त्यांनी मान डोलवली.

रविवारी अकराच्या सुमारास पाहुणे यायला लागले. सून खाली थांबली. चहा खालून वर पाठवायचं निमित्त होतं. जिना भिंतीत वेगळा बांधलेला होता, त्याची तिला काळजी नव्हती. ती पट्टी हातात घेऊन तुळईखाली उभी राहिली. पहिले आले ते दाढीवाले, एकटेच, अंगाने कृश, हातात काठी. वर गेले. काही नाही. मग तिघं एकदम. साडेचार सूत. मग दीडबोटे, ज्यांचं एक बोट मशीनने अर्धं नेलं होतं आणि जे स्वतःच या नावाने फोन उचलायचे; अंगाने चांगले भरलेले. चार. आत्या खुर्ची ओढून मध्यभागी बसली असावी, कारण वरून घसरल्याचा आवाज आला आणि पट्टीवर साडेतीन झाले. नवऱ्याने केकचं टेबल सरकवलं. तीन. वरती हशा पिकला होता. खाली दोरी स्थिर होती आणि तुळई तिच्याकडे येत होती, इतकी सावकाश की बघताना कळायचं नाही. डोळे मिटून उघडले की कळायचं. आणखी चौघं. दोन. कुटके आता पडत नव्हते, झरत होते. तिच्या केसांत, पट्टीवर, खांद्यावर.

चौदावा माणूस वर गेला तेव्हा अंतर एक सूत उरलं.

ती जिना चढली, शेवटच्या पायरीवर थांबली, पाऊल जमिनीवर ठेवलं नाही. "बाबा, खाली या."

मिस्त्री दाढीवाल्यांशी बोलत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"बाबा!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. नवऱ्याच्या हातातला कप बशीवर वाजला.

"तुळई खचते आहे. खाली येऊन बघा. सगळेच सुतार आहात, तुम्हीच सांगा."

"या सुनेला रंधा मारायला हवा," आत्या म्हणाली. दीडबोटे मोठ्याने हसले. "चला मिस्त्री, सूनबाई परीक्षा घेतेय. अहो दाढीवाले, चला!" तिघं खाली उतरले. पट्टीवर अंतर दोन सूत झालं. हे तिने बघितलं.

मिस्त्रींनी ठोकलं. "ठणठणीत."

दाढीवाल्यांनी काठीच्या मुठीने ठोकलं, कान तिरका केला. "भरीव आहे हो."

दीडबोट्यांनी उरलेल्या बोटांनी ठोकलं, तीन वेळा, ऐटीत. "दगड! पोरी, दगड आहे हा."

आणि तिला ऐकू आलं. पहिल्या ठोक्याला लाकूड "ठक" म्हणालं होतं. दीडबोट्यांचा ठोका हातभर पुढे, न्हाणीघराकडे पडला होता, आणि तिथे ते "ढब" म्हणालं, रिकाम्या डब्यासारखं. ठोका विरला तरी आवाज थांबला नाही. आत काहीतरी खसखसत होतं. कोणीतरी कागद चुरगाळावा, आणि चुरगाळतच राहावा, तसं.

"हे ऐकू येतंय तुम्हाला?" तिने विचारलं.

"काय?" तिघंही एकदम म्हणाले.

दाढीवाल्यांचा हात कानामागे गेला होता. दीडबोटे मिस्त्रींच्या ओठांकडे बघत होते आणि मिस्त्री तिच्या. तिच्या लक्षात आलं. चौदाच्या चौदा माणसं चाळीस-चाळीस वर्षं तसल्याच मशीनशेजारी उभी होती. वर इतका गोंगाट चालला होता तो आनंदाचा नव्हता. कोणालाच कोणाचं ऐकू येत नव्हतं.

ती मिस्त्रींच्या अगदी समोर गेली. "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही. चार वर्षं झाली. घंटी वाजते ती येत नाही. फोन मी उचलते तो म्हणूनच. आम्ही सगळे तुमच्याशी खोटं वागलो."  "यांनाही येत नाही. कोणालाच येत नाही."

मिस्त्रींचा चेहरा असा झाला की तिला वाटलं, ते हात उगारतील. त्यांनी जिन्याकडे पाहिलं. तिथे मुलगा उभा होता. "खरं का रे?" त्यांनी विचारलं. मुलाने मान खाली घातली. तेवढं मिस्त्रींना ऐकू आलं.

तिने दुकानातून पटाशी, सुतारांची छिन्नी, आणली, बोटभर रुंदीची. "कान राहू द्या. तुमचा हात सांगेल ते मी मानते."

मिस्त्रींनी पटाशी घेतली, तुळईला खालून टेकवली, आणि हातोडी मागण्यासाठी दुसरा हात पुढे केला. हातोडी लागलीच नाही. नुसत्या तळहाताच्या दाबाने पटाशी आत गेली. पात्याचं टोक गेलं, मग अख्खं पातं, मग मूठ लाकडाला टेकली. लोण्यातही इतकी सरळ जात नाही. मिस्त्रींनी ती बाहेर ओढली आणि त्या भोकातून मुंगळे ओघळले. मुठीवरून मनगटावर, मनगटावरून बाहीत. काहींच्या तोंडात पांढरी अंडी होती. मिस्त्रींनी हात झटकला नाही.

"वर किती आहेत?"

"बारा, आणि आत्या."

"एकेकाने उतरायचं. भिंतीच्या कडेने. मध्ये कोणी पाय ठेवायचा नाही." मग ओरडले. तिने त्यांना असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. पण वरच्यांना ते कळेना. "काय म्हणतोय?" "केक कापा म्हणतोय!" मुलगा भिंतीला पाठ लावून आत गेला आणि एकेकाच्या खांद्याला हात लावून, तोंडासमोर तोंड आणून सांगू लागला. म्हातारे उतरू लागले. आत्या खुर्चीवरून हलेना. "मी काय एवढी जड आहे?" यावर घरातल्या कोणीही, अगदी त्या घडीलाही, उत्तर दिलं नाही.

ती उठली तेव्हा लाकूड बोललं. चौदा बहिऱ्या माणसांपैकी एकालाही तो आवाज ऐकू आला नसेल, पण सगळ्यांनी एकदम आपापल्या पायांकडे पाहिलं. मुलाने आत्याला दंडाला धरून भिंतीकडे ओढलं. खाली दोरी तट्कन तुटली आणि सुनेच्या गालावर बसली. तुळई तिच्या जागेवरून चार बोटं खाली येऊन थांबली. कशावर थांबली हे देव जाणे.

मग एक गोष्ट झाली ती सांगायला हवी. त्या म्हाताऱ्यांना कोणी काही सांगितलं नाही. दुकानातून वासे आले, पाचरी आल्या, आणि पंधरा मिनिटांत तुळईखाली तीन टेकू उभे राहिले. इशारे हातांचे, नजरेचे. कानाची गरज कोणाला पडली नाही. दीडबोट्यांनी शेवटची पाचर ठोकली आणि मिस्त्रींनी न्हाणीघराच्या भिंतीवरची नक्षीची फळी उपटली. ती त्यांनीच दोन वर्षांपूर्वी तिथे लावली होती, ओलीचा डाग दिसू नये म्हणून. मागची भिंत काळी पडली होती, पाइपाच्या सांध्यातून थेंब थेंब येत होतं. तुळईचं टोक हाताने तुटलं.

आत खोल्या होत्या. मजल्यावर मजले, मध्ये कागदाएवढ्या भिंती, वळणं, जिने, आणि सगळं इतकं गुळगुळीत की पॉलिश पेपर मारल्यासारखं. मिस्त्रींनी त्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"काम साफ आहे," ते म्हणाले.

 मानपत्र वर टेबलावर राहिलं, केक तसाच राहिला. दाढीवाल्यांनी काठी उचलली. "निघतो मी," ते म्हणाले, "घरी जरा..." आणि वाक्य सोडून दिलं. मग दुसरे उठले. मग दोघं. प्रत्येकाने कधी ना कधी, या पाच-सहा वर्षांत, आपल्या घरातलं एखादं लाकूड ठोकून बघितलं होतं, पोराबाळांना बाजूला सारून, डोळे मिटून, आणि "ठणठणीत" म्हटलं होतं. दारात चपला घालताना कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. दीडबोटे तर चहा अर्धा टाकून गेले.

औषधवाला उद्या सकाळी येतो म्हणाला. आत्या खालच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती. मिस्त्री टेकूंच्या मधे स्टुलावर बसले होते. तासाभराने फोन वाजला. सुनेने उचलला, सवयीने "बाबा, तुमच्यासाठी" म्हणणार होती, पण आधी तिने पलीकडचं सगळं ऐकून घेतलं. मग मिस्त्रींसमोर जाऊन उभी राहिली आणि, त्या घरात अकरा वर्षांत पहिल्यांदाच, मोकळ्या गळ्याने ओरडली.

"दीडबोट्यांच्या घरून आहे! माळ्याखालच्या तुळईत पटाशी घातली, म्हणतात! मुठीपर्यंत गेली!"

"वर कोण आहे?"

तिने फोनमध्ये विचारलं. ऐकलं.

"नातवंडं! झोपलीत!"

मिस्त्री उठले. "सांग त्यांना, ठोकू नका म्हणावं. हाका मारू नका, घाबरून धावतील. भिंतीच्या कडेने जा आणि उचलून आणा, एकेक." पिशवीत पाचरी भरता भरता ते थांबले, तिच्याकडे वळले. "तू पण चल. तिथे ऐकायला कोणीतरी लागेल."